लोड टाकला की चढणारं व्होल्टेज: दूध संकलन केंद्रातल्या रात्रीच्या नोंदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली एक दूध संस्था. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम गाळलं आहे, बाकी तपशील जसेच्या तसे. संस्थेकडे दोन हजार लिटरचा जुना बल्क कूलर आहे. संध्याकाळचं संकलन साडेआठला आटोपतं. गायी-म्हशींचं कोमट दूध आत पडतं आणि कॉम्प्रेसर रात्री साडेबारा-एकपर्यंत ते ४ अंशांवर आणतो. पहाटे सहाला टँकर येतो.

कॉम्प्रेसर थ्री फेज. त्याच्या आधी पॅनलमध्ये व्होल्टेज बघणारा रिले आहे. गावात त्याला सरसकट ‘प्रिव्हेंटर’ म्हणतात. तो तिन्ही फेज न्यूट्रलच्या तुलनेत मोजतो. एखादी फेज २५५ व्होल्टच्या वर गेली की काही सेकंद थांबून कॉम्प्रेसर तोडतो. व्होल्टेज २५० च्या खाली आलं की पाच मिनिटांनी पुन्हा जोडतो. लागोपाठ दोनदा तुटलं तर मात्र पॅनल लॉक होतं आणि कुणीतरी येऊन रिसेट दाबेपर्यंत सगळं ठप्प राहतं.

अडचण

उन्हाळा चढला तशी टँकरवर कटकट सुरू झाली. काही पहाटे दूध ८-९ अंशांवर, काही पहाटे एकदम व्यवस्थित. एकदा सीओबी (दूध उकळल्यावर फाटतं का याची चाचणी) पॉझिटिव्ह निघालं आणि अख्खा लॉट परत आला. त्या दिवशी संस्थेच्या ओट्यावर जो गलका झाला त्यानंतर चेअरमननी हात आखडता घेणं शक्यच नव्हतं.

पहाटे पाचला येणारा मदतनीस सांगायचा ते एकच: “लाल दिवा लागलेला असतोय. बटण दाबलं की चालू हुतंय बघा.” म्हणजे रात्री केव्हातरी पॅनल लॉक होत होतं. वायरमन आले ते दिवसा. मीटर लावला, २३२. दुसऱ्या खेपेला २३४. “लाइटीत काय प्रॉब्लेम नाही, प्रिव्हेंटर गेलाय,” असं म्हणून नवा प्रिव्हेंटर बसवून गेले. चार रात्री बऱ्या गेल्या, पाचव्या पहाटे पुन्हा लाल दिवा.

इथे मला बोलावलं. पॅनलची देखभाल हा माझा धंदा. दिवसा न दिसणारा फॉल्ट दिवसा जाऊन शोधण्यात अर्थ नसतो, एवढं त्या इतिहासावरून उघड होतं.

समोरचे पर्याय

चेअरमनांचा पर्याय सगळ्यात सोपा: “तो डबा काढून टाका आणि डायरेक्ट जोडा.” गंमत अशी की दुधापुरता हा उपाय चालला असता. का, ते पुढे येईलच.

दुसरा पर्याय सर्व्हो स्टॅबिलायझर, म्हणजे व्होल्टेज आपोआप एका पातळीवर धरून ठेवणारं यंत्र. कोटेशन येऊन पडलं होतं. संस्थेच्या मानाने रक्कम मोठी होती, पण त्याहून मोठा प्रश्न हा की दुखणं काय आहे हे कळायच्या आतच औषध विकत घ्यायचं का.

तिसरा, पॉवर अ‍ॅनलायझर भाड्याने आणणं. तिन्ही फेजचं व्होल्टेज, करंट, हार्मोनिक्स, सगळं एका यंत्रात. शास्त्राने हाच खरा मार्ग. पण भाडं दिवसावर, आणि फॉल्ट कुठल्या रात्री येईल याची हमी नाही.

चौथा पर्याय सेक्रेटरींच्या पुतण्याने काढला. तो कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आधी त्याला ईएसपी३२ बोर्ड आणि स्वस्तातलं व्होल्टेज मॉड्यूल जोडून घरीच रेकॉर्डर बनवायचा होता. कल्पना वाईट नव्हती, पण उघड्या बोर्डावर २३० व्होल्ट आणि खाली सदा ओली फरशी. त्याला मी तिथल्या तिथे नाही म्हणालो. मग तो म्हणाला, “सर, माझ्याकडं कॉम्प्युटरला जोडायचा मल्टिमीटर आहे की.” युनि-टीचा यूटी६१ई, २२,००० काउंटचा (म्हणजे बारीक फरक दाखवणारा), ट्रू आरएमएस (एसी व्होल्टेज लहर वेडीवाकडी असली तरी नीट मोजणारा), सोबत त्याची ऑप्टिकल केबल.

हा मीटर सेकंदाला साधारण दोन रीडिंग देतो. मिलिसेकंदात येऊन जाणारा झटका त्यात सापडणार नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. पण आपला रिले स्वतःच काही सेकंद थांबून मग तोडतो. म्हणजे त्याला त्रास देणारी गोष्ट काही सेकंद तरी टिकतेच, आणि तेवढी ती सेकंदाला दोन रीडिंगमध्ये दिसायलाच हवी. हा हिशेब जुळला म्हणून चौथा पर्याय घेतला. रिले झटपट तोडणारा असता तर मी अ‍ॅनलायझरचाच आग्रह धरला असता.

मीटर जोडताना

मेन लाइनवरचा मीटर कॉम्प्युटरला जोडायचा म्हटलं की पहिला प्रश्न सुरक्षेचा. या मीटरच्या अंगावर एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून इन्फ्रारेड प्रकाशाने आकडे बाहेर पडतात आणि केबलच्या टोकाचा डोळा ते टिपतो. मीटर आणि लॅपटॉप यांच्यात तांब्याची जोडणी कुठेच नाही. हे नसतं तर मी लॅपटॉप जवळ येऊ दिला नसता.

प्रोब हाताने धरून रात्र काढता येत नाही. मेन स्विच पाडून, कंट्रोलच्या एमसीबीच्या पुढे आर फेज (तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात) आणि न्यूट्रलच्या टर्मिनलला फ्यूजवाल्या लीड आवळून बसवल्या. आर फेज निवडायचं कारण एवढंच की प्रिव्हेंटरवर लाल दिवा त्याच फेजचा लागत होता. मीटर पॅनलबाहेर, जमिनीपासून उंच, कोरड्या फळीवर. केबल कॉम्प्रेसरच्या वायरींपासून लांबून नेली.

मग कॉम्प्युटरची बाजू. पुतण्याकडची यूएसबी-सिरियल केबल लॅपटॉपला ओळखूच येईना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. नकली चिपच्या केबलीत हे नेहमीचं. नवा ड्रायव्हर नकली चिप नाकारतो आणि माणूस दोन तास ड्रायव्हर टाकत-काढत बसतो. दुसऱ्या चिपची केबल आणली, पोर्ट दिसला, पण आकडे येईनात. या ऑप्टिकल केबलीला स्वतःची बॅटरी नसते. ती सिरियल पोर्टच्याच दोन कंट्रोल लाइनींवर जगते: डीटीआर वर हवी आणि आरटीएस खाली. प्रोग्रॅममध्ये त्या दोन ओळी टाकल्या आणि आकडे वाहू लागले, पण गचाळ. १ आणि २ नीट दिसायचे, ० आणि ३ च्या जागी भलतीच चिन्हं. पोराने पोर्ट नेहमीच्या सवयीने ८ बिट, नो पॅरिटी असा उघडला होता. पॅरिटी म्हणजे चूक ओळखता यावी म्हणून प्रत्येक अंकाला जोडलेला जादा बिट. मीटर बोलतो १९२०० च्या वेगाने, ७ बिट, ऑड पॅरिटी. ज्या अंकांचा पॅरिटी बिट शून्य येतो ते बरोबर वाचले जातात, ज्यांचा एक येतो ते बिघडतात. निम्मे आकडे बरोबर आणि निम्मे चुकीचे दिसले की केबल बदलण्याआधी पॅरिटी बघावी.

दर वेळी मीटर १४ बाइटचं पॅकेट पाठवतो: अंक, रेंज, कशाचं माप, बॅटरी कमी आहे का वगैरे. सिगरॉक नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे सगळं तयार उलगडून देतं. पुतण्याला पायथनमध्ये स्वतः लिहायची हौस होती, लिहू दिलं. माझ्या अटी मोजक्याच होत्या. प्रत्येक ओळीला तारीख-वेळ हवी. प्रत्येक ओळ लगेच फाइलमध्ये उतरायला हवी, म्हणजे लॅपटॉप बंद पडला तरी आधीचं राहील. आणि रोज रात्रीची फाइल वेगळी. सेकंदाला दोन म्हणजे दिवसाला १,७२,८०० ओळी. एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींना संपते, सहा दिवसांतच फाइल उघडेनाशी होते.

लॅपटॉपचं स्लीप आणि अपडेट बंद केलं, मीटरचं ऑटो पॉवर ऑफ बंद असल्याची खात्री केली, ९ व्होल्टची नवी अल्कलाइन बॅटरी टाकली. लॅपटॉपचं आणि संस्थेतल्या भिंतीवरच्या घड्याळाचं सात मिनिटांनी जमत नव्हतं. मदतनिसाच्या वहीतल्या वेळा नंतर ताडून बघायच्या होत्या, म्हणून दोन्ही एकाच मोबाइलवरून लावली.

शेवटची गोष्ट ऐनवेळी ध्यानात आली. हा मीटर २२० व्होल्टला रेंज बदलतो. आपली लाइन संध्याकाळी नेमकी २१८ ते २२२ मध्ये हेलकावे खाते. ऑटो रेंजवर ठेवला तर मीटर रेंज बदलण्यातच रीडिंग घालवतो. म्हणून वरची ७५० व्होल्टची रेंज हाताने पक्की केली. बारकावा एक दशांश व्होल्टचा राहिला, तो भरपूर झाला.

नोंदीत काय दिसलं

पहिली रात्र निर्विघ्न गेली. लॉक झालं नाही. दुसऱ्या पहाटे लाल दिवा. साताला आम्ही तिघं फाइल उघडून बसलो.

आलेख वरवर पाहिला तर अपेक्षेप्रमाणेच. दिवेलागणीला २२० च्या आसपास, नऊनंतर गाव निजू लागलं तसं चढत जाऊन साडेदहाला २४५. रात्री व्होल्टेज चढतं हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. स्टॅबिलायझरवाल्याने हा आलेख बघून तिथंच चेक मागितला असता.

पण २४५ वर प्रिव्हेंटर तुटत नाही. आलेख ताणून मोठा केला तेव्हा पायऱ्या दिसल्या. साडेदहानंतरचे आकडे हळूहळू सरकत होते, आणि १० वाजून ५२ मिनिटांनी एका रीडिंगला २४५.१, पुढच्याला २५५.४. अध्येमध्ये काही नाही. सहा सेकंदांनी आणखी एक छोटी पायरी, २५८ च्या पुढे. मग दहाएक मिनिटं सपाट. मग एका झटक्यात खाली २४८. पाच मिनिटांनी एकच रीडिंग २३१ चं आणि लगेच पुन्हा २४५. अकरा अडतीसला तोच खेळ, पण या वेळी शेवटचं २४५ काही आलं नाही. तिथून पहाटेपर्यंत २४८ आणि २५८ अशी आलटूनपालटून चौकोनी नक्षी, साधारण पाऊण तासाला एक.

छोटी पायरी आधी सुटली. कॉम्प्रेसर चालू असला की लाइनवर तीन व्होल्टचा भार पडतो. तो तुटला की तीन व्होल्ट परत मिळतात. २३१ चं एकुलतं रीडिंग म्हणजे कॉम्प्रेसर सुरू होतानाचा दणका. खरा दणका याहून खोल असणार, मीटरला त्याची शेपूट तेवढी सापडली. म्हणजे एकाच तारेवरच्या नोंदीत कॉम्प्रेसर कधी चालला, कधी तुटला, कधी लॉक झाला हे सगळं आपोआप लिहिलं गेलं होतं. मदतनिसाच्या वहीची गरजच उरली नाही.

मोठी पायरी कशाची? सेक्रेटरी म्हणाले, “वरनंच येत असंल, डीपीवरनं.” पण ट्रान्सफॉर्मरवरून येणारा चढउतार असा पाऊण तासाच्या शिस्तीत येत नाही. शिस्त आली की समजावं, कुठेतरी थर्मोस्टॅट आहे. संस्थेत थर्मोस्टॅट दोनच: एक कूलरचा, दुसरा कॅन धुवायच्या पाण्याच्या टाकीचा. तीन किलोवॅटचा हीटर, टाकीला इन्सुलेशन नावालाच. पहाटे गरम पाणी तयार हवं म्हणून मदतनीस तो रात्रभर चालू ठेवून घरी जायचा. साडेआठला लावला की दहाच्या पुढेपर्यंत सलग तापवायचा, मग थर्मोस्टॅटवर चालू-बंद.

पुतण्याने विचारलेला प्रश्न नेमका होता: “पण सर, हीटर लावला तर व्होल्टेज पडायला पाहिजे ना? हे तर चढतंय.”

बरोबर. लोड टाकला की व्होल्टेज पडतं. टाकलेल्या लोडने दुसऱ्या फेजचं व्होल्टेज चढलं तर न्यूट्रल ढिला आहे असं धरून चालावं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. हीटर होता वाय फेजवर. त्याचे १३ अँपिअर परत जाताना न्यूट्रलच्या खराब जोडातून जात होते. जोडाचा रोध साधारण १.४ ओहम धरला तर तिथे १८ व्होल्ट पडतात आणि संस्थेतला न्यूट्रल तेवढा वाय फेजकडे सरकतो. वाय फेजचं व्होल्टेज १८ ने कमी, आर आणि बी फेजचं दहाएक व्होल्टने जास्त. पायरी दहाचीच होती.

संध्याकाळी हीच पायरी यायची, पण २२० वर दहा म्हणजे २३०. कुणाला त्रास नाही. रात्री २४५ वर दहा चढले की मर्यादा ओलांडायची. ज्या रात्री गावचं व्होल्टेज दोन-तीनने कमी राहायचं त्या रात्री काहीच व्हायचं नाही. वायरमन दिवसा यायचे तेव्हा हीटर बंदच असायचा.

पडताळा आणि दुरुस्ती

नोंदीवरून काढलेला निष्कर्ष हातघाईने खरा मानायचा नसतो. दिवसा दुसरा मीटर घेऊन हीटर मुद्दाम चालू-बंद केला. आर-न्यूट्रल दहाने वर, वाय-न्यूट्रल जवळजवळ वीसने खाली, आणि आर-वाय या दोन फेजमधलं व्होल्टेज जेमतेम दोन-तीनने हललं. फेज जागेवर आणि न्यूट्रल तेवढा हलतो, याहून स्वच्छ पुरावा लागत नाही.

चेअरमनांचा ‘डायरेक्ट जोडा’ दुधापुरता का चालला असता तेही इथेच कळतं. कॉम्प्रेसरला न्यूट्रल लागतच नाही. त्याला दोन फेजमधलं व्होल्टेज मिळत होतं, रात्री सुमारे ४२४, आणि तेवढं त्याला सहज पेलतं. प्रिव्हेंटर काढला असता तर दूध गार झालं असतं आणि जोड तसाच जळत राहिला असता. स्टॅबिलायझरने तर पुढचे आकडे इतके गोंडस केले असते की जोडाकडे बघायचं कुणाला सुचलंच नसतं.

जोड सापडला संस्थेच्या मेन स्विचमध्ये, न्यूट्रल लिंकवर. वायरमनशी बोलून आधी पोलवरून लाइन तोडून घेतली, कारण मेन स्विच पाडला तरी येणारी बाजू जिवंतच राहते. झाकण काढलं तर अ‍ॅल्युमिनियमची तार पितळी टर्मिनलमध्ये नुसती दाबून बसवलेली, तारेवर पांढरी-करडी बुरशी चढल्यासारखा थर, इन्सुलेशन बोटभर काळं होऊन वितळलेलं. स्क्रू दोन आटे फिरला. १३ अँपिअर आणि १.४ ओहम म्हणजे हीटर चालू असेपर्यंत त्या एवढ्याशा जागेत दोनशे वॅटच्या वर उष्णता. चेअरमननी वाकून बघितलं आणि म्हणाले, “हे पेटलं असतं की वो.”

जळका भाग कापून बायमेटॅलिक लग (दोन धातूंचा, तारेच्या टोकाला बसणारा तुकडा) दाबून क्रिंप केला, न्यूट्रल लिंक नवी बसवली, बाकीचे सगळे जोड आवळले.

निष्पत्ती

दुरुस्तीनंतर मीटर तसाच काही रात्री लावून ठेवला. हीटर आता आर फेजच्या आलेखात शोधूनही सापडत नाही. कॉम्प्रेसरची तीन व्होल्टची पायरी मात्र नीट दिसते, म्हणजे मीटर झोपलेला नाही. मध्यरात्री २४८ व्होल्ट अजूनही असतात, ते आमच्या जोडाचं पाप नव्हतंच. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (त्याचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बघावा म्हणून वीज कार्यालयात अर्ज दिला आहे, आलेखाची प्रत जोडून. प्रिव्हेंटर त्यानंतर तुटलेला नाही, टँकरवर तापमानाची तक्रार नाही. स्टॅबिलायझरचं कोटेशन फाइलला लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

पायऱ्या दिसल्या त्याच सकाळी हीटर बंद ठेवायला सांगायला हवा होता. पोलवरून लाइन तोडून मिळेपर्यंत मधे आणखी एक रात्र गेली आणि ती हीटर चालू ठेवूनच गेली. न्यूट्रल पूर्ण सुटला असता तर आर आणि बी फेजवरच्या उपकरणांवर, म्हणजे दुधाची प्रत मोजणाऱ्या फॅट-एसएनएफच्या मशीनवर आणि संस्थेच्या कॉम्प्युटरवर, चारशेच्या घरातलं व्होल्टेज येऊ शकलं असतं. तपासाच्या उत्साहात ही गोष्ट मागे पडते.

दोन मीटर असते तर दुसरा वाय फेजवर लावता आला असता. एक वर आणि दुसरा खाली जाताना एकाच कागदावर दिसला असता आणि दिवसा पडताळा घ्यायची गरज उरली नसती. एकच मीटर असेल तर निदान एक रात्र फेज-फेज मोजायला द्यावी.

आणि ज्याने हे वाचून लगेच मीटर-केबल मागवायचं ठरवलं असेल त्याला एक सांगतो. मेन स्विचचे जोड वर्षातून एकदा लाइन तोडून उघडले आणि आवळले असते तर हा फॉल्ट नोंदीविनाही सापडला असता. संस्थेने आता ते काम गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, वार्षिक रंगरंगोटीबरोबर लावून दिलं आहे. हीटरला टायमर बसवला आहे. तो पहाटे साडेतीनला चालू होतो.